अमृतचे आठ सेकंद

मी एक जुना इको बॉक्स आहे आणि विसरणं हा माझा धंदा आहे. मित्रांनो, माझ्या पोटात टेपची एक गोल पट्टी फिरते. गिटारचा सूर आला की ती तो टिपते, दोन-तीनदा घुमवून ऐकवते आणि फेरी पूर्ण झाली की पुसून टाकते. नव्या सुराला जागा नको का?

माझा मालक अमृत धुळ्याचा. पुण्यातलं कॉलेज सोडून तो सायकेडेलिक रॉक वाजवायला लागला. डोळे मिटले तरी रंग दिसावेत, असं ते संगीत. त्याचा सूर माझ्यात आला की मीच थक्क व्हायचो. लोक म्हणत, नशेमुळे याला असं सुचतं. साफ खोटं! नशा केली की त्याला साधा ताल सापडत नसे. नशेने त्याचं डोकं बिघडवलं, सोबती पांगले. मग तो गावी परतला आणि गिरधर नानांच्या लग्नाच्या बँडमध्ये वाजवू लागला.

एका वरातीत तो भान हरपून वाजवत होता. नाचणारे थांबले, घोडीसुद्धा कान टवकारून उभी राहिली. नवरदेवाचे काका संतापले, "अरे, नाचाजोगं काही वाजाड ना." अमृतने ऐकलं नाही. शेवटी गिरधर नानांनी माझी वायर उपटली. पट्टी जागच्या जागी थांबली आणि शेवटचे आठ सेकंद पुसायचे राहून गेले.

अमृतने मला घरी आणून बहिणीच्या, बेबाबाईच्या हाती दिलं. "बेबा, यामा मी शे. चालू करशी ते पुसाई जासु." म्हणजे, यात मी आहे, चालू केलंस तर पुसला जाईन.

त्यानंतर त्याने गिटार धरली नाही. ओट्यावर एकटाच बडबडत बसून राही. घरच्यांनी झाडफूक करणारा भगत आणला. डॉक्टर कुणाला सुचला नाही. याचा मला अजून राग येतो. चौदा वर्षांनी तो गेला.

आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा करतात आणि पूजा झाली की प्रत्येक यंत्र क्षणभर चालू करतात. माझा जीव टांगणीला लागे तो तेव्हा. दरवर्षी कुणीतरी भक्तिभावाने माझी पिन बोर्डात खुपसायला निघे आणि बेबाबाई आडवी येई. "हात लावू नका. त्यामा मना भाऊ शे." दुःखाने बाई भ्रमिष्ट झाली, असं सगळे म्हणत.

गेल्या दसऱ्याला तिची गिटार शिकणारी नात हेमांगी हिने मात्र विचारलं, "आजी, मामाआजोबा नेमकं काय म्हणाले होते?" आजीने शब्द न् शब्द सांगितला. हेमांगीने आजीला आणि मला थेट जळगावला नेलं, जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लीलाधरभाऊंकडे. मला उघडून ते म्हणाले, "आजी बरोबर सांगताहेत. नुसतं बटण दाबलं असतं तरी गेलं असतं सगळं." त्यांनी आधी माझी पुसणारी तार सोडवली. मग बटण दाबलं.

चाळीस वर्षांनी अमृत वाजला. सूर वर चढत चढत गेला आणि तुटला. लीलाधरभाऊंनी चष्मा काढून ठेवला. बेबाबाई म्हणाली, "परत लाव ना." त्या दुपारी तिने ते अकरा वेळा ऐकलं.

अमृतची टेप आता डबीत जपून ठेवली आहे. माझ्यात नवी आहे. हेमांगी त्या दुपारी टिपून घेतलेले ते आठ सेकंद मोबाइलवर लावते आणि वायर उपटली होती तिथून पुढे स्वतः वाजवते.

मित्रांनो, जुनी वस्तू चालू करण्याआधी तिच्यात काय आहे, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि ओट्यावर कुणी एकटंच बडबडत बसलेलं दिसलं, तर त्याला वेळेवर डॉक्टरकडे न्या.

यंदाच्या दसऱ्याला बेबाबाईने मला कुंकू लावलं आणि माझी पिन स्वतःच्या हाताने बोर्डात घातली.