नाजूकराव भरवतात

नाजूकराव हे नाव त्यांना गॅरेजात पडलं. काम गाड्यांना रंग मारायचं, दिवसभर लांबी-पुट्टीच्या धुळीत आणि थिनरच्या वासात उभं राहायचं, पण चहाच्या कपावर कुणाच्या ओठाचा डाग दिसला की कप तसाच खाली ठेवायचा, असा हा माणूस. एकदा मिस्त्रींनी त्यांच्यासमोर नुसतं नाक शिंकरलं, तर यांनी भरला डबा झाकण लावून घरी परत नेला. त्या दिवसापासून सगळे नाजूकराव म्हणायला लागले. नाव बायकोच्या कानावर गेलं आणि तिलाही ते अगदी पटलं.

आणि अशा माणसावर वेळ कसली यावी, तर पोट बिघडलेल्या आठ महिन्यांच्या पोरीला दिवसभर भरवायची.

ठकीचं पोट बिघडून दोन दिवस झाले होते. ते दोन्ही दिवस तिच्या आईने काढले. ती तिकीट खिडकीवर कामाला. तिसऱ्या दिवशी तिच्या जागी बसायला कुणीच नव्हतं, तेव्हा तिने सांगितलं की आजचा दिवस तुझा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं तिने नाजूकरावांकडून तीनदा वदवून घेतलं. मीठ-साखरेची पुडी कालवून ठेवलेल्या पाण्याचा दर दोन मिनिटांनी एक चमचा, मधेमधे फ्रिजमध्ये काढून ठेवलेलं दूध, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. आणि सहा तासांत शू झाली नाही तर वाट बघत बसायचं नाही, सरळ दवाखान्यात न्यायचं, सलाईन लावावं लागेल. साडेसातला ओली नॅपी बदलून ती बाहेर पडली.

सलाईन हा शब्द नाजूकरावांच्या डोक्यातून जाईना. ठकी जन्मली तेव्हा तीन दिवस काचेच्या पेटीत होती. तिच्या बोटभर हातात नर्स शीर शोधत होती आणि हे दाराबाहेर भिंतीला टेकून तिचं रडणं ऐकत होते. ते पुन्हा ऐकायची त्यांची अजिबात तयारी नव्हती.

आठ वाजता ठकीने पहिला दणका दिला. आवाज झाला, मग वास आला, आणि मग ते नॅपीच्या वरच्या कडेतून पाठीवर चढून पार मानेपर्यंत गेलं. केसांत गेलं. नाजूकरावांनी आयुष्यात शेकडो रंग कालवले होते, मिस्त्री त्यांना गाडीचा जुना दरवाजा दाखवायचे आणि हे डोळ्यांनी छटा जुळवायचे, पण हा हिरवट पिवळा त्यांनी कुठल्याच डब्यात बघितला नव्हता. त्यात शेवाळ्यासारखे धागे होते. वास म्हणाल तर नासलेल्या दुधाचा, आणि त्याच्या खाली आणखी एक, गोडसर, घशात जाऊन बसणारा. ठकीला अंथरुणाच्या मधोमध ठेवून, दोन्ही बाजूंना उशा लावून त्यांना ओकायला मोरीकडे धावावं लागलं.

तोंड पुसून ते परत आले ते थेट कपाटाकडे गेले. तिथे त्यांचा गॅरेजचा नवा मास्क होता. रबराचा, गालांवर दोन गोल डबे असलेला, तोंडनाक पुरतं झाकणारा. पट्टे डोक्यामागे आवळले आणि वाह, जगातली सगळी घाण एका झटक्यात गेली. मग त्यांनी काखेपर्यंत हातमोजे चढवले, मान शक्य तितकी मागे ओढली, डोळे जवळजवळ मिटले आणि पोरीला धुऊन काढलं. घाण झालेली नॅपी न बघताच पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि वरून रंग मारताना गाडीच्या काचा झाकायची कागदी चिकटपट्टी चार वेढे. मोजे काढून साबणाने हात दोनदा धुतले. स्वतःवर ते भलतेच खूश झाले.

मग चमचा घेऊन बसले. ठकीने तोंड घट्ट मिटलं.

चमचा ओठांना लावला, तिने मान फिरवली. त्या बाजूने लावला, इकडे फिरवली. पाणी हनुवटीवरून गळ्याच्या वळीत गेलं आणि तिथे आधीच साचलेल्या दुधाच्या साक्यात मिसळलं. गळ्याच्या त्या वळीत दह्यासारखं काय काय जमा होतं, हे नाजूकरावांना आजच कळलं आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. ते मास्कच्या आतून गोड गोड बोलले. ठकी ओठ काढून रडायला लागली. त्यांनी दूध दिलं, तर तिने बाटलीतून दोन घोट ओढले, बापाकडे बघितलं, आणि दूध ओकून टाकलं, त्यांच्या मांडीवर, कोमट, गुठळ्या गुठळ्यांचं. दहा वाजता पुन्हा शी, पुन्हा मोजे, पुन्हा पिशव्या. त्यांना वाटलं, पोरगी हट्टी आहे, आईवर गेली आहे.

आपल्या तोंडावर काही आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. कसं येणार? गॅरेजात सगळे तो लावूनच दिवस काढायचे, त्यातूनच बोलायचे, त्यातूनच भांडायचे. तिथे माणूस डोळ्यांवरून ओळखायचा असतो.

साडेबाराला त्यांनी नॅपी उघडली तर ती स्वच्छ. कोरडी ठणठणीत. नाजूकरावांना इतका आनंद झाला की विचारू नका. सुटलो एकदाचे, असं ते मोठ्याने म्हणाले. आणि मग त्यांचा हात तसाच थांबला. कोरडी. साडेसातपासून पाच तास झाले होते. मधल्या दोन नॅप्यांत शू होती का नव्हती हे कोण सांगणार, यांनी डोळे उघडून बघितलंच नव्हतं. ठकी आता रडत होती पण डोळ्यांत पाणी नव्हतं. ओठांवर पापुद्रा आला होता. वाटीतलं पाणी सकाळी होतं तेवढंच होतं, म्हणजे जे कमी झालं होतं ते सगळं तिच्या झबल्यावर होतं.

त्यांनी बायकोला फोन लावला. ती काहीच घेत नाही, चमचा बघितला की तोंड मिटते, मी काय करू, असं सगळं एका दमात सांगितलं.

"तुझा आवाज असा डब्यातून आल्यासारखा का येतोय?"

नाजूकरावांचा हात गालावरच्या डब्याकडे गेला.

"तू तो गॅरेजचा मास्क लावून तिला भरवतोयस?"

"अगं, वास..."

"काढ तो आधी. आपण आ केलं की ते बघून ती आ करते. तुझं तोंडच दिसत नाही तिला, ती काय करणार?" मग आवाज एकदम खाली आला. "हे तुला माहीत नाही. आठ महिन्यांत किती वेळा भरवलंस तू तिला?"

एकदाही नाही. शी, ओकारी, लाळ, नाक, जे जे पोरीतून बाहेर येतं आणि जे जे पोरीत जातं, ते सगळं बायकोचं. यांनी फक्त न्हाऊन पावडर लावलेली ठकी उचलली होती. त्यांना स्वतःची जितकी किळस आली तितकी सकाळपासून कशाचीच आली नव्हती. बायको म्हणाली, मी खिडकीवर आमच्या मुख्य बाईंनाच बसवून निघते, दीडपर्यंत शू झाली नाही तर मला न विचारता दवाखान्यात जा.

त्यांनी मास्क काढला. खोली त्यांच्या तोंडावर आदळली. बंद खिडक्या, पलंगाखाली सरकवलेलं ओकारीचं दुपटं, स्वतःच्या पँटवर सुकलेलं दूध. ठकीने रडणं थांबवून त्यांच्याकडे टक लावून बघितलं. हा इतका वेळ कुठे होता, असं.

त्यांनी आ केलं. आता आ करायचं म्हणजे तो वास नाकातून नाही, सरळ जिभेवर येतो. नाजूकरावांना जोरदार उबळ आली, ओऽक. डोळ्यांतून पाणी आलं. आणि ठकीने तोंड उघडलं. चमचा आत गेला. तिने तोंड वाकडं केलं, मचमच केलं, गिळलं.

दुसऱ्या चमच्याला पुन्हा आ, पुन्हा ओऽक. तिला वाटलं हा खेळच आहे, ती वाट बघू लागली. तिसरा, चौथा. घड्याळ समोर ठेवलं होतं. आठव्या चमच्यानंतर ती पुढे झुकली आणि तिने थेट त्यांच्या उघड्या तोंडासमोर ओकारी काढली. थोडीच, पण त्यातली काही हनुवटीवर आली आणि, लपवायचं कशाला, काही आत गेली. आंबट, कोमट, किंचित खारट. नाजूकराव थुंकले, पुन्हा थुंकले, मोरीत जाऊन उभे राहिले, नळ सोडला, भिंतीवर मूठ आपटली. इथून बाहेर पडावं आणि रस्त्याने चालत सुटावं असं त्यांना मनापासून वाटलं. मग तोंड-हात धुऊन ते परत आले, घड्याळात दहा मिनिटं मोजली आणि पुन्हा आ केलं.

नॅपी त्यांनी आता घातलीच नव्हती. पोरीचा पार्श्वभाग सोलल्यासारखा लाल झाला होता, आणि शू झाली तर लगेच कळायलाही हवं होतं. मांडीवर दुपटं, दुपट्यावर ठकी. एकला पाच कमी. एक. एक वाजून दहा. प्रत्येक चमच्याला उबळ येतच होती, ती काही गेली नाही. ती जाते असं म्हणणारे लोक खोटं बोलतात. एक वाजून वीस मिनिटांनी त्यांनी एका हाताने दवाखान्याची फाईल जवळ ओढली, दुसऱ्या हाताने चमचा चालूच.

एक वाजून चोवीस मिनिटांनी मांडी गरम झाली. दुपटं भिजलं, पँट भिजली, धार गुडघ्याकडून पायमोज्यात उतरली. नाजूकराव हलले नाहीत. ठकीच्या तोंडात चमचा होता, हलले असते तर तिला ठसका लागला असता. ते तसेच बसून राहिले आणि हुंदके देत रडले, आणि मधेच उबळ आली तशी ओकलेही, कोरडंच.

दोनच्या सुमाराला बायको धापा टाकत दारातून आत आली. तिने बघितलं, नवरा जमिनीवर बसलेला, अंगावर ओकारी सुकलेली, पँट ओली, आणि तोंड हे एवढं उघडं. तिने पर्स तिथेच टाकली, गुडघ्यांवर बसली आणि पोरीला घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

नाजूकरावांनी ठकीला मागे ओढून घेतलं.

"तू बाहेरून आलीयस," ते म्हणाले, "आधी हात धुऊन ये."