बाबांच्या वजनाची गोणी

नव्या स्प्रिंगा आणि शॉकअब्सॉर्बर गॅरेजच्या कोपऱ्यात खोक्यांतच पडून होते. बाबांनी आणले, बसवायचे राहिले, आणि बाबा गेले.

पाहुणे पांगल्यावर मी आईला म्हटलं, "मी बसवते."

आई बाबांचे शर्ट घड्या घालून पिशवीत भरत होती. "काय बसवतेस?"

"गाडीच्या स्प्रिंगा."

तिने हातातल्या शर्टाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "डोकं ठिकाणावर आहे ना? त्या स्प्रिंगवाल्याकडे टाक गाडी. त्याचं पोटच त्यावर चालतं."

"बाबांनी कधी कुणाला गाडीला हात लावू दिला का?"

"नाही ना. म्हणून तर माझ्या कमरेचा भुगा झाला."

हे ती थट्टेने म्हणाली, पण खोटं नव्हतं. मणक्याच्या ऑपरेशननंतर तिला त्या गाडीत बसवत नव्हतं. जुन्या स्प्रिंगा पार बसल्या होत्या. रस्त्यातला प्रत्येक खड्डा तिच्या पाठीत शिरायचा. तिच्यासाठीच बाबांनी नवा माल आणला होता.

मी लहानपणापासून बाबांना पाने देत आले होते. कुठला नट कुठे बसतो हे मला झोपेतही सांगता आलं असतं. कठीण होतं ते एकच. स्प्रिंग शिकंज्यात धरून दाबायची आणि दाबलेलीच जागेवर चढवायची. शिकंजा निसटला तर ती हाडं मोडते. हे मला ठाऊक होतं, आईलाही.

"सुटली म्हणजे तोंड फोडेल तुझं," ती म्हणाली. "आणि मग मी कुणाच्या..." तिने पिशवीचे बंद बांधले.

पण मी हट्ट सोडला नाही. बाबांचं हे एकच काम अर्धं राहिलं होतं. ते परक्या हातांनी पुरं होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

बाबांची काम करायची एक रीत होती. गाडी जॅकवर असताना ते बोल्ट नुसते हाताने फिरवून ठेवत. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरवून, आतली माणसं जागेवर बसल्यावरच. चाकं लोंबकळत असताना आवळलं तर आतले रबरी बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात, असं ते सांगत. मग आई पुढे, मी मागे, आणि बाबा गाडीखाली. त्यांची स्वतःची जागा रिकामी राहायची. तिथे ते रेतीची गोणी ठेवत. आधी स्वतः वजनकाट्यावर उभे राहायचे, मग गोणी चढवायचे आणि ओंजळीने रेती घालत काटा आपल्या आकड्यावर आणायचे. गोणी दर खेपेला फुगत गेली.

"यंदा रेती बरीच लागली," आई गोणीशेजारी बसून म्हणायची.

"तुझ्याच हातचं खाऊन," गाडीखालून उत्तर यायचं.

"खाताना कशी बोलती बंद असते!"

"हलू नका गं दोघी. वजन सरकतं."

मग आम्ही तिघं, गोणी धरून चौघं, श्वास रोखून बसायचो, आणि खालून पान्याची करकर ऐकू यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेज उघडलं. जॅक काढला, पाने मांडले, शिकंज्याच्या आट्यांना तेल दिलं. मग गोणी ओढायला गेले. ती बाबांना आणि मला मिळून सरकवावी लागायची, म्हणून पाय रोवून, दात आवळून हिसका दिला. गोणी चटकन सरकली. मी मागच्या मागे खोक्यांवर आदळले.

गोणीचं तोंड नव्या सुतळीने बांधलेलं होतं. वरचा भाग रिकामा, नीट दुमडलेला. पलीकडे बादली होती, काठोकाठ रेतीने भरलेली.

"लागलं का गं?" आई दारात होती. मग तिची नजर गोणीवर गेली.

"ही हलकी कशी झाली?" मी विचारलं.

"झाली," आई म्हणाली. आत येऊन ती खोक्यावर टेकली. "सामान आलं त्या दिवशी तुझे बाबा वजनकाटा घेऊन बसले. बादली मीच धरली होती. एक ओंजळ काढायची, काटा बघायचा. परत एक काढायची. मी म्हटलं, पुरे आता. तर म्हणाले, अजून नाही जुळलं."

फोनवर मला ते दर वेळी ठणठणीत आहे म्हणून सांगायचे. खोकला हवेचा आणि थकवा वयाचा.

"मला का नाही सांगितलं?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, पोरीला थाप मारता येते, गोणीला नाही मारता येत."

मी उठून शिकंजा उचलला.

"आणि स्प्रिंगा बसवल्या का नाहीत?"

"एकदा बसले होते हाच शिकंजा घेऊन. स्क्रू फिरेना. मी आत निघून गेले, म्हणजे त्यांना वाटावं की मी पाहिलं नाही." आईने हात पुढे केला. "दे तो इकडे. दे म्हणते ना."

मी दिला. तिने तो मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली. ते हात पाहिल्यावर माझा हट्ट सुटला. स्प्रिंगवाल्याला फोन मीच केला.

स्प्रिंगवाला आडव्या अंगाचा, बोलका माणूस होता. माझी अट ऐकून तो हसला. "शेवटचे बोल्ट तुम्ही आवळणार? ताई, उद्या न्हाव्याला म्हणाल, केस काप पण भांग मी पाडते."

"म्हणेनही."

"बरं बाबा. माझा रॅम्प, माझा पाना, आणि मी शेजारी उभा. चालेल?"

दुपारपर्यंत त्याने स्प्रिंगा चढवल्या. गाडी रॅम्पवर चाकांवर उभी राहिली. आई पाठ सांभाळत पुढे बसली. मी त्याच्या मदतीने गोणी बाबांच्या जागी ठेवली. आईने हात लांब करून गोणीला पट्टा लावला.

"हे काय आता?" स्प्रिंगवाला म्हणाला. "ताई, यापुढे गाडी कोण चालवणार?"

"मी."

"मग वजन तुमचं हवं. ही गोणी कुणाची?"

"हिच्या बाबांची," आई आतून म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने गोणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा गोणीचा कोपरा उचलून अंदाज घेतला.

"असू द्या," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमच्याइतकंच भरेल."

मी पाना उचलला आणि गाडीखाली गेले. दारातून वाकूनच आत यायचे बाबा. त्यांच्या खांद्यावर बसलं की मला छत लागायचं.

पहिल्या बोल्टला पाना लावला, पण तो मला दिसेनासा झाला. मी डोळे पुसले. हाताचं काळं तेल गालाला लागलं.

"हलू नकोस गं आई," मी खालून म्हटलं.

गाडी बारीक थरथरत होती. मी पाना धरून थांबले. ती थांबल्यावर मग आवळायला घेतलं.