चाळीस किलोंचं तिकीट

मस्कतच्या एजंटने मधुकर पाटणकरसमोर दोन तिकिटं ठेवली. एक थेट मुंबईचं, वाशीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीच्या आदल्या दुपारी पोचवणारं. पण सामान फक्त वीस किलो. दुसरं दोन थांबे घेत जाणारं, नेमकं वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी साडेसातला सहार विमानतळावर उतरवणारं. त्यावर चाळीस किलो.

मुहूर्त अकरा वीसपर्यंत होता. साडेसात ते अकरा वीस म्हणजे जवळजवळ चार तास. मधुकरने चाळीस किलो घेतले.

सुनीतीने वाशीहून पाठवलेलं पत्र त्याच्या खिशातच होतं. "तुम्ही नसलात तर पाटावर नंदकुमार भाऊजी आणि वहिनी बसतील. गुरुजी म्हणतात चालतं. मला चालत नाही. आपलं लग्न त्यांनी जमवलं, हे ते अजून दर दिवाळीला सांगतात. आता घराची शांतही त्यांनीच केली, हे मला जन्मभर ऐकायचं नाही."

हे सगळं वाचूनही त्याने चाळीस किलो का घेतले, याला कारण कंपनीच्या कामगारांचा कँप. सुट्टीवर जाणाऱ्याने बाकीच्यांची बोचकी न्यायची, ही तिथली रीत. बोचकं कापडात शिवलेलं असायचं आणि आत काय आहे, हे नेणाऱ्याने विचारायचं नाही. विचारलं म्हणजे माणसावर संशय घेतला. मधुकर कंपनीचा स्टोअरकीपर. खिळासुद्धा नोंद केल्याशिवाय सोडायचा नाही. पण कँपात तोही तोंड मिटून चार बोचकी उचलून निघाला.

विमान वेळेवर उतरलं. सामान यायला पावणेनऊ झाले. त्या वर्षी विमानं पळवण्याच्या बातम्यांनी सगळ्यांचीच झोप उडवली होती, त्यामुळे वाटेत थांबत आलेल्या विमानाचं सामान एकेक करून उघडत होते. रांग हलली की मधुकर घड्याळ बघायचा, थांबली की पुन्हा बघायचा. टेबलाशी पोचला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते.

चष्म्यातला कस्टम अधिकारी मराठी निघाला. मधुकरला हायसं वाटलं, तेवढ्यापुरतंच.

"या बोचक्यांत काय आहे?"

"माहीत नाही साहेब."

"तुमची नाहीत?"

"मीच आणलीत. पण मित्रांची आहेत."

"मग विचारलं नाहीत?"

"आमच्यात विचारत नाहीत."

अधिकाऱ्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पाटणकर, हे वाक्य तुम्ही पुन्हा कुठल्याच विमानतळावर बोलू नका."

कात्री आली. पहिल्या तिन्ही बोचक्यांतून साबण, खजूर आणि साड्या निघाल्या. चौथं गंगारामचं. गंगाराम वाशीजवळच्या जुहूगावचा, कँपातला वेल्डर. त्यातून साबण, लुंगी, नायलॉनच्या दोऱ्याची रिळं निघाली, मग एक जड पिशवी. पिशवीत करड्या धातूचे दोन-तीनशे मणी. टेबलाभोवती आणखी दोघे जण येऊन उभे राहिले.

"हे काय?"

मधुकरला खरंच ठाऊक नव्हतं. दहाला सात मिनिटं कमी होती. पितांबर नेसून पाटाकडे निघालेला नंदकुमारदादा त्याला लख्ख दिसायला लागला.

"तो टेपरेकॉर्डर कुणाचा?" अधिकाऱ्याने दुसऱ्या खोक्याकडे बोट केलं.

"माझा."

"वाजवून दाखवा. आत भलतं काही नाही, ते कळू दे."

मधुकरपाशी कॅसेट नव्हती. गंगारामच्या बोचक्यात, लुंगीच्या घडीत एक होती. तीच घातली, प्लग लावला आणि गंगारामचा आवाज त्या सबंध हॉलमध्ये घुमला.

"आये, मी गंगाराम. तुला वाचता येत नाय म्हनून बोलून धाडतो. मोजून घे. नायलॉनची रिळं सहा. बाबाच्या जाल्याला शिशाचे मनी, अडीचशे. खाडीत जालं हलकं पडतं म्हनत व्हता ना, त्याच्यासाठी. तुला साबन बारा. बाबाला लुंगी एक, जरीकाठाची, कोरी."

अधिकाऱ्याने हात वर करून टेप थांबवायला लावला. रिळं मोजली. सहा. साबण बारा. मणी मोजायला एकाला बसवलं. मग पुढे लावा म्हणाला.

"मधुकरभाऊ आनतोय. मानूस चांगला हाय, पन चाळीस किलोचं तिकीट आमच्यासाठी घेतलं, असं सांगत फिरतो. खरं त्याला हा टेप आनि बायकोला मिक्सर न्यायचा हाय. चहा दे त्याला, साखर दोन चमचे, मागायला लाजतो."

मणी मोजणारा हसून आकडा विसरला आणि त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. दोनशे पन्नास भरले. अधिकाऱ्याने बोचक्यावर खडूने फुली मारली. "जा. पुढच्या वेळी विचारून घ्या. आणि आईंना कॅसेट नक्की ऐकवा."

दहा वाजून बारा मिनिटांनी टॅक्सी निघाली. चेंबूर, मानखुर्द, खाडीपूल. अकरा वाजून सात मिनिटांनी मधुकर दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत होता. दार उघडंच होतं. आत तीसेक माणसं. त्यांत बोचकं घ्यायला आलेली बायजाबाई, गंगारामची आई, भिंतीला टेकून बसलेली. नंदकुमारदादा पितांबर नेसून पाटाच्या कडेला उभा. सुनीती मात्र स्वयंपाकघराच्या दारात हळदीची वाटी घट्ट धरून उभी होती. ती दिल्याशिवाय पूजा सुरू होत नव्हती.

"आलास? बरं झालं," दादा म्हणाला. "पण आता मी नेसलोय. सोवळं एकच आहे. तू बस निवांत, दमला असशील."

"आंघोळ करा आधी," सुनीती म्हणाली, मधुकरकडे बघत.

"आंघोळ करेल, पण नेसेल काय?" दादा म्हणाला.

बायजाबाईने फाटलेल्या बोचक्यात हात घातला आणि लुंगी ओढून काढली. "फोडलंच हाय तर नेस ही. कोरी हाय. म्हातारा उद्या नेसल."

सगळ्यांनी दिनानाथ गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं. "शिवलेली नाही ना? चालेल. दोन तांबे अंगावर घ्या आणि या लवकर."

अकरा अठराला मधुकर ओल्या केसांनी पाटावर बसला, बाजूला सुनीती. दादा पितांबर सावरत खुर्चीत बसला आणि आपल्या बायकोला म्हणाला, "गुरुजी मीच ठरवले होते."

पंगत बसल्यावर बायजाबाईच्या आग्रहाने कॅसेट लागली. मिक्सरपाशी येताच सगळी पंगत हसली, दादा सगळ्यांत जोरात. सुनीतीने न विचारता मधुकरच्या चहात दोन चमचे साखर घातली आणि कप पुढे केला.

"पुढच्या वेळी थेट विमान," ती म्हणाली. "वीस किलो."

"हो."

बायजाबाईचा घास हातातच राहिला. "मंग माझी दुसरी रिळं कोन आनील?"

मधुकरने सुनीतीकडे पाहिलं. ती आतून कोशिंबीर आणायला उठली होती.

"आणतो," तो हळूच म्हणाला. "पण आत काय आहे, ते लिहून द्यायला सांगा गंगारामला."