पेटीवरची दोन सारखी बटणे

मित्रांनो, पारोळ्याजवळच्या एका खळ्यात कडबाकुट्टीची मोटार चालू-बंद करणारी मी एक जुनी स्टार्टरची पेटी आहे. क्षमा मागण्यासाठी मी बोलत नाही. साक्ष देण्यासाठी बोलते आहे.

कारखान्यात मला आकाराने अगदी सारखी दोन बटणे लाभली. हिरवे चालू, लाल बंद. मालकाच्या घरात सर्वांना एवढेच शिकवले होते. चार वर्षे माझी स्तुती झाली. सत्त्याऐंशीच्या खंडेनवमीला धाकटी सून कुंदाबाई हिने प्रथेप्रमाणे अवजारांची पूजा केली आणि माझ्या दोन्ही बटणांवर भक्तिभावाने कुंकू माखले. दोन्ही लाल झाली.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा गिरधर कडबा सारत असता त्याची बाही यंत्रात ओढली गेली.

"बंद कर वं, बंद कर!"

तिने एक बटण दाबले. पाते फिरतच राहिले. दुसरे दाबले, तेव्हा थांबले. तोवर गिरधरच्या करंगळीचे पेर गेले होते.

सासरे तोतारामआबा यांनी निर्णय दिला, "बाईमानूसनी पेटीले हात लावाना नही. तठे अक्कल लागस."

गावानेही मान डोलावली. कुंदाबाईने चार दिवस ऐकून घेतले. पाचव्या दिवशी ती पदर खोचून खळ्यात उभी राहिली.

"आबा, मना हात चुकना नही. दोन्ही बटनं सारखाच शेतस. डोया मिचा आनि बंदनं दाबी दखाडा."

बांधलेला हात सांभाळत गिरधर हसला. "आबा, मनं एकच पेर गयं. तुम्ही मिशी सांभाळा."

आबांनी डोळे मिटले, दोन्ही बटणे चाचपली आणि ठामपणे एक दाबले. रिकामे यंत्र घरघरत सुरू झाले. आबा दोन पावले मागे सरले. कुंदाबाईने शांतपणे मोटार थांबवली.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे एक कडे कापून आणले आणि सुनेपुढे धरले. "कुंदा, बंदना बटनले तूच चढाव. आनि कडबा बाकी शे, चालू कर."

तेव्हापासून अंधारातही बोटांना माझे लाल बटण कळते.

बालमित्रांनो, तुमच्या हाती माझ्याहून चतुर यंत्रे येतील; त्यांना शंभर बटणे असतील. हात चुकला की लोक तुम्हाला अडाणी म्हणतील. मान खाली घालू नका. आधी त्या यंत्राला विचारा: अरे, घाबरलेल्या माणसाला तुझी बटणे ओळखू येतात का?