जिन्याने चढणारा लिफ्टमिस्त्री

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस स्वतःच्या घरी सात मजले जिन्याने चढतो, हे ऐकून कुणालाही हसू येईल. हसा. मिस्त्रीलाही सुरुवातीला आलं होतं. आता मात्र त्याला नुसता वीट आला होता.

सहा महिन्यांपूर्वी काम चालू असताना लिफ्ट त्याच्यासकट तीन मजले खाली आली आणि त्याचा पाय मोडला. पाय जुळला, पण तेव्हापासून घरात 'लिफ्ट' हा शब्द बंद. बायकोने फोनवर कुठले कुठले व्हिडिओ पाहिले आणि ठरवून टाकलं, की असला धक्का जन्माचा असतो, वरून दिसत नाही, आतून पोखरतो. रोज संध्याकाळी ती खाली येऊन थांबायची आणि त्याच्या हाताला धरून जिन्याने वर न्यायची. खरं म्हणजे महिनाभर तो झोपेत दचकायचा, मग ते तापासारखं उतरून गेलं होतं. पण सांगणार कोणत्या तोंडाने? एवढी काळजी घेणाऱ्या माणसाला 'मी बरा आहे' म्हणणंसुद्धा कृतघ्नपणाचं वाटतं. आणि ऐकून ऐकून त्यालाच शंका यायला लागली होती, की आपण बरे आहोत असं वाटणं हाच तर आजार नसेल?

आज सोक्षमोक्ष होता. त्यांच्या धंद्यात एक रीत होती: ज्याने लिफ्ट दुरुस्त केली त्यानेच आधी एकट्याने बसून खाली यायचं, मग लोकांना चढू द्यायचं. आज बसला तर दुरुस्तीचं काम परत मिळणार, नाहीतर सध्या बसतोय तसं कायमचं गोदामात. साहेबांनी तसं स्वच्छ सांगितलं होतं.

इमारत नऊ मजल्यांची, लिफ्ट वरच अडकलेली. मिस्त्री आणि त्याचा जोडीदार बारक्या चढून गेले. बारक्या नावालाच; दारातून तिरका होऊन जायचा. वरची दुरुस्ती झाली, खाली उतरून लिफ्टखालचा खड्डा तपासला, आणि दोघं पुन्हा नऊ मजले चढून आले.

लिफ्टचं दार उघडलं आणि मिस्त्रीचं काळीज धाडधाड उडायला लागलं. घाम फुटला. झालं! बायको म्हणत होती तेच खरं. तो भिंतीला टेकला.

"नाही जमायचं, बारक्या. छाती फुटतेय माझी. गेलं माझं काम."

"अरे शहाण्या," बारक्या पायरीवर बसून धापा टाकत होता, "नऊ मजले दोनदा चढलास, तेही असल्या पायाने. छाती नाही उडणार तर काय गाणं म्हणणार? ही माझी बघ." त्याने मिस्त्रीचा हात ओढून स्वतःच्या छातीवर ठेवला. आत नुसता धडाका चालला होता. "मी पडलो होतो का रे लिफ्टमधून?"

मिस्त्री त्याच्या शेजारी बसला. दहा मिनिटांनी धडधड ओसरली. थोडी उरली, ती भीतीची होती. पण तेवढी तर या धंद्यात पहिल्या दिवसापासून होतीच. तो उठला, आत गेला, बटण दाबलं आणि खाली आला.

संध्याकाळी बायको नेहमीसारखी जिन्यापाशी उभी होती.

"आज बसलो मी," त्याने एका दमात सांगून टाकलं. "काही झालं नाही. अगं, मी कधीचाच बरा आहे. चल, लिफ्टने जाऊ."

त्याने तिचा हात धरला. हात गार पडला होता. ती जागची हलेना.

"तुम्ही व्हा पुढे. मी येते जिन्याने."

"आता कशाला? मला काही होत नाही म्हणतोय ना!"

"तुम्हाला नाही होत हो!" तिचा आवाज फुटला. "त्या दिवशी तुम्ही बेशुद्ध होतात. फोन मी घेतला होता. तुम्ही गेलात म्हणून सांगितलं तुमच्या कामावरच्या लोकांनी मला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत, दोन तास, तुम्ही नव्हतात."

लिफ्टचं दार आपोआप लागलं आणि ती रिकामीच वर गेली. त्याने तिचा हात सोडला नाही. दोघं जिना चढायला लागले. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला.

"फोनवर नक्की काय म्हणाले ते?" त्याने विचारलं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच.