वाढत्या अंगाचं माप

"झाड तोडायचं म्हणजे काय? खेळ आहे का?" टेलरमास्तरांनी बागेच्या कचेरीतल्या टेबलावर अशी मूठ आपटली, की पाण्याचा पेला बिचारा जागच्या जागी उडाला.

मंडळी, आपल्या प्रत्येकाच्या गावात एखादी सार्वजनिक बाग असते आणि ती आपल्याच मालकीची आहे असं मानणारं एखादं म्हातारं माणूसही असतं. इथे ते टेलरमास्तर होते. कारणही तसंच होतं. बागेच्या मधोमध उभ्या असलेल्या शिरीषाखाली त्यांनी बायकोबरोबर उभ्या संसाराच्या संध्याकाळी काढल्या होत्या. दुकान बंद करून मास्तर आले, की ती झाडाच्या मुळांवर बसलेली असायची. चटकन सरकायची आणि बाजूच्या जागेवर हात थोपटायची. "टेका जरा. दिवसभर वाकून पाठीची कमान झालीय." मग गिऱ्हाइकांच्या गमती, लेकीच्या लग्नाची काळजी, रुसवेफुगवे, सगळं तिथेच. अंधारून आलं, की शिरीषाची पानं मिटायला लागायची. ती उठायची. "चला, झाड झोपलं."

पुढे तिचे गुडघे कुरकुरू लागले. खाली बसवेना. मग मास्तरांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा केलं, गवंडी बोलावला आणि झाडाभोवती सिमेंटचा कट्टा घालून घेतला. माप स्वतः टेपने घेतलं! कट्टा खोडाला असा बिलगून बसला, की मध्ये सुई जाईना. लोक म्हणाले, "वा मास्तर, काय फिटिंग आहे!" मास्तरांची छाती फुगली. मग काय, तसेच कट्टे बागेतल्या झाडाझाडाला झाले.

आता ती राहिली नव्हती. आणि शिरीषही वाळत चालला होता.

"मास्तर, माझ्याही जिवावर येतंय," बागेच्या अधिकारी बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "पण परवा फांदी कोसळली. खाली कुणी असतं तर? म्हणून तर या ताईंना बोलावलंय. फांद्या तेवढ्या उतरवायच्या आणि उभ्या खोडातून शिल्प घडवायचं."

या ताई म्हणजे कानामागे पेन्सिल खोचलेली, भुशाने माखलेली एक शिल्पकार बाई. मास्तर तिच्यावर उखडलेच. "जिवंत झाडाची बाहुली करणार? आधी त्याचं दुखणं काय, ते तरी बघितलंत का?"

"चला, बघूच," ती म्हणाली.

माळ्याने कट्ट्याची एक बाजू फोडली, आणि मास्तर जवळून बघायला खाली बसले. सिमेंटच्या कडेचा खोडात खोल वळ उमटला होता. साल कुजून काळी पडली होती. मुळांवरची माती दगडासारखी झाली होती. तिला इतकी वर्षं ना पाणी मिळालं होतं, ना हवा.

"हे... हे माझ्या कट्ट्याने?"

शिल्पकार बाई त्यांच्याशेजारी मातीतच बसली. "मास्तर, शाळेच्या पोरांचे कपडे शिवताना शिवणीत कापड सोडता ना?"

"सोडतोच की. वाढतं अंग असतं."

"झाडाचंही वाढतंच असतं हो, म्हातारं झालं तरी. तुम्ही मायेने शिवलंत, पण कापड सोडायला विसरलात."

अरे देवा! जन्मभर गिऱ्हाइकांना "जरा सैल ठेवू या" म्हणणारा माणूस आपल्या लाडक्या झाडाचाच गळा आवळून बसला होता! मास्तरांना रडू आवरेना. "तिची तेवढीच एक खूण उरली होती हो. तीही माझ्याच हाताने गेली."

"रडून घ्या," ती म्हणाली. "हे झाड वाचणार नाही, खोटं कशाला सांगू? पण खोड आतून अजून धड आहे. आणि बाकीच्या झाडांत अजून धुगधुगी आहे. गळ्यात कट्टे त्यांच्याही आहेत."

मास्तरांनी डोळे पुसले, माळ्याच्या हातातला हातोडा घेतला आणि शेजारच्या कट्ट्यावर पहिला घाव घातला. रोजची बैठकवाली मंडळी "आमची बसायची जागा!" म्हणत धावून आली. मास्तरांनी एकेकाला हाताला धरून शिरीषाचा वळ दाखवला. मग आरडाओरडा आपोआप थांबला.

शिल्प कशाचं करायचं? कुणी गरुड म्हणालं, कुणी सिंह. मास्तर चाचरत म्हणाले, "ती सरकून जागा करून द्यायची. तेवढं जमेल का?"

जमलं! त्याच खोडात कोरलेली बैठक, एका टोकाला बसलेली बाई, आणि तिचा हात शेजारच्या रिकाम्या जागेवर टेकलेला. भोवती मोकळी, भुसभुशीत माती. मास्तर रोज दुकान बंद करून तिथे टेकतात आणि गिऱ्हाइकांच्या गमती सांगतात. कुणी हसत नाही त्यांना.

परवा एक जोडपं आलं. "काका, आईच्या आठवणीत आमच्या गल्लीतल्या झाडाला कट्टा बांधायचाय. माप कसं घ्यायचं?"

मास्तरांनी उठून दोघांना आपल्या जागी बसवलं. "कट्टा नको रे बाळांनो. बाक ठेवा, तोही खोडापासून चांगला लांब. बुडाशी माती मोकळी राहू द्या. ज्याच्यावर माया करायची ना, त्याला वाढायला जागा सोडायची. मी नाही सोडली."

तेव्हा मंडळी, आपापल्या दारापुढच्या झाडाकडे आजच एकदा बघून या. त्याच्या गळ्याशी काही आवळत तर नाही ना?

त्या दिवशी जोडप्याशी बोलता बोलता अंधारून आलं. पलीकडच्या धाकट्या शिरीषाची पानं मिटायला लागली. मास्तरांनी त्या लाकडी हातावर हळूच थोपटलं. "चला," ते म्हणाले, "झाड झोपलं."