देवळात बसतो का?

सकाळपासून जो येईल तो फाटकातूनच ओरडत होता, "फोन आला का?"

"आला असता तर मी इथे कच्ची केळी सोलत बसले असते का?" मी प्रत्येकाला तेच उत्तर देत होते. तरी माणसं आत येतच होती. आमच्या ह्या बेटावर, सान पेद्रोत, आलेल्याला जा म्हणायची पद्धत नाही. परसात मोठ्या भांड्यात सांकोचोचा रस्सा रटरटत होता, सात प्रकारचं मांस घालून, आख्ख्या गल्लीला पुरेल एवढा. फाटकाबाहेर टीव्हीवाल्यांच्या गाड्या. आणि बैठकीत सुटाबुटात, गळ्याला टाय आवळून बसलेला माझा नवरा रादामेस. त्याच्यासमोर स्टुलावर भरतकामाचा रुमाल, रुमालावर मोबाईल. दोन तास तो जागचा हलला नव्हता. लघवीला तेवढा उठला, तोही फोन हातात घेऊन.

सगळं गाव त्याला मुसळ म्हणतं. पोरवयात सासूबाईंच्या उखळातलं मुसळ पळवून तो त्याची बॅट करायचा, तेव्हापासूनचं नाव. पुढे अमेरिकेत जाऊन त्यानं असे चेंडू मारले की पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, मागे वळून बघायचेसुद्धा नाहीत. आवाजावरून कळायचं, गेला कुंपणापार.

तिथं उत्तरेत बेसबॉलमधल्या थोरांचं एक दालन आहे. आम्ही त्याला देऊळ म्हणतो, आणि ज्यांचे चेहरे तिथल्या भिंतीवर लागतात त्यांना म्हणतो अमर. दर हिवाळ्यात पत्रकार मतं देतात. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी तुमचं नाव मतदानात येतं आणि दहा वर्षं राहतं, मग पुसून टाकतात. रादामेसचं हे दहावं. निवड झाली तर सहाच्या आत फोन येतो. नाही झाली तर कोणी फोन करत नाही.

त्याच्यावर आक्षेप एकच. तरुणपणीच गुडघा गेला, म्हणून तो फील्डिंगला फारसा उतरला नाही. त्यांच्या लीगमध्ये एका माणसाला नुसती बॅटिंग करायची मुभा असते. बाकीचा वेळ बाकावर. पत्रकार म्हणतात, अर्धा सामना बाकावर बसणारा तो अर्धाच खेळाडू. मेले! ज्यांनी उभ्या जन्मात खुर्चीवरून बूड हलवलं नाही, ते माझ्या नवऱ्याला बसून खाणारा म्हणतात! मी पाहिलंय ना. संघ मैदानात असायचा तेव्हा हा बाकामागच्या बोळात एकटा बॅट फिरवत असायचा, सदरा घामानं पिळून निघेपर्यंत. दिवसात चार वेळा बाहेर यायचं आणि चारही वेळा बोळातून थेट उजेडात येऊन तो चेंडू टोलवायचा. हे सोपं असतं तर सगळ्यांनी नसतं केलं? दुकानात, चर्चमध्ये, रांगेत, मिळेल तिथं मी त्याच्यासाठी भांडलेय. लोक म्हणायचे, बेल्किसच्या नादी लागू नका, फाडून खाईल.

पण त्या देवळानं आमच्या घराचा तुरुंग केला, तेही खरं. तुरुंगाची किल्ली पेर्सिओकडे. पेर्सिओ म्हणजे ह्याचा शाळेतला मित्र, आता कारभारी. पहिल्या वर्षी थोडी मतं कमी पडली तसे त्यानं नियम काढले. दुकानापुढे डॉमिनोच्या सोंगट्या मांडून बसायचं नाही, कोणी बिअरच्या बाटलीसकट फोटो काढला तर मतं जातील. पत्रकारानं थोबाडीत मारल्यासारखा प्रश्न विचारला तरी हसायचं. आणि सगळ्यात मोठा नियम, हातात चेंडू झेलायचा ग्लोव्ह घालायचा नाही. रविवारी साखर कारखान्याची माणसं मैदानात खेळायला हाका मारायची, "ये रे मुसळा!" हा नाही म्हणायचा. न जाणो, एखादा चेंडू हातून सुटला आणि कोणी मोबाईलवर टिपला तर? म्हणतील, बघा, आम्ही काय सांगत होतो. ज्या माणसाला बेसबॉलशिवाय दुसरं काही येत नाही, त्यानं नऊ वर्षं चेंडूला हात लावला नव्हता.

"देवळात जायचंय, बेल्किस," पेर्सिओ मला समजवायचा. "अमर व्हायचंय त्याला."

"अमर नंतर कर, मेल्या. आधी त्याला जिवंत तर राहू दे."

साडेपाचच्या सुमाराला फोन वाजला.

पेर्सिओनं वाकून पडद्यावर बघितलं आणि किंचाळला, "न्यूयॉर्कचा नंबर! न्यूयॉर्कचा!"

झालं! देऊळ न्यूयॉर्क राज्यातच आहे, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत. गल्लीत ढोल सुरू झाला, फटाक्यांची माळ लागली, गाड्यांचे भोंगे, रमच्या बाटल्या उघडल्या. सासूबाईंनी गुडघे टेकून मेरीमातेला हात जोडले. मी दारात उभी होते. रादामेसनं फोन कानाला लावला, "हॅलो?" म्हणाला, आणि मला त्याचा चेहरा दिसला.

न्यूयॉर्कला त्याची नुरिस मावशी राहते. प्रत्येक घराचं कोणी ना कोणी तिथं राहतंच, पण त्या क्षणी एकालाही ते आठवलं नाही. मावशी विचारत होती, "काय रे बाळा, फोन आला का?"

तो सांगायला तोंड उघडतोय तोवर कारखान्याच्या गड्यांनी त्याला खांद्यावर उचललं. बाहेर नेलं, परसात नेलं, फाटकापर्यंत नेऊन परत आणलं. तो वर, सुटात, हातात फोन तसाच, "थांबा, अरे थांबा" म्हणतोय आणि खाली लोक "मुसळ! मुसळ!" म्हणून नाचताहेत. लोकांना वाटलं, रडतोय तो आनंदानं. शेवटी मी सांकोचोचा डाव घेऊन पत्र्याच्या पिंपावर बडवला आणि घसा फुटेस्तोवर ओरडले, "बंद करा! नुरिस मावशी होती ती! मावशी!"

ढोल एकेक करून थांबले. त्याला खाली उतरवणाऱ्यांनी त्याच्या कोटाच्या सुरकुत्याही हातानं सारख्या केल्या.

सहा वाजले. टीव्हीवर एका पिचरचं नाव घेतलं, फक्त त्याचंच. रादामेसचं मूठभर मतांनी हुकलं होतं. कोणीतरी टीव्ही बंद केला. जायची सोय नव्हती, कारण जेवण तयार होतं. मग माणसं मयताच्या घरी जेवतात तशी मान खाली घालून जेवायला लागली. नऊ वर्षं सांभाळलं आणि शेवटी मुसळ केरात, असं माझ्याच मनात आलं आणि माझीच मला लाज वाटली.

तेवढ्यात पेर्सिओ खुर्ची ओढून रादामेसजवळ बसला. "ऐक. संपलेलं नाही. पत्रकारांचं दार बंद झालं, पण ज्येष्ठांची समिती आहे. जुन्या खेळाडूंची. ती जुनी नावं पुन्हा बघते. तीन वर्षांनी आपली पाळी येऊ शकते."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर आणखी तीन वर्षांनी. तिथं नाव पुसत नाहीत, लक्षात घे. मेल्यावरही घेतात!" पेर्सिओला वाटलं ही आनंदाची बातमी आहे.

"तोवर?"

"तोवर आपलं जसं चाललंय तसंच. ग्लोव्ह नाही, डॉमिनो नाही, तोंड गोड. तुझ्यावर अन्याय झालाय, मुसळा. आख्खा देश म्हणतोय. अन्यायाची दाद लागतेच."

रादामेसनं हळूच मान हलवली. हो म्हणून! ती मान हललेली बघितली आणि मला धडकीच भरली. हा माणूस पुन्हा त्याच खुर्चीत बसणार होता. आणि ह्या वेळी तर शेवटच नव्हता.

मी स्वयंपाकघरात निघून आले. तो मागोमाग आला आणि दार लोटून घेतलं.

"बेल्की," तो म्हणाला, "तू माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस. पहिल्या भेटीतच म्हणालीस, तुझे कान सुपाएवढे आहेत."

"आहेतच."

"बाहेर सगळे म्हणतात अन्याय झाला. ते माझं जेवतायत, आणखी काय म्हणतील? आई तर आईच. तुला मी कधी विचारलंच नाही. सांग मला. मी त्या देवळात बसतो का?"

देवाशपथ, माझ्या जिभेवर हो आलं होतं. बसतो! त्यातल्या निम्म्यांना उठवून बसतो! मला त्यात तसूभर शंका नव्हती, आजही नाही. पण मी हो म्हटलं असतं तर त्याच्यावर अन्याय झाला, हे पक्कं झालं असतं, आणि अन्याय झालेला माणूस दारातून हलत नाही. तीन वर्षं, सहा वर्षं, मरेपर्यंत तो त्या पायरीवर बसला असता. तो मेल्यावर मी बसले असते.

"नाही," मी म्हणाले.

त्यानं ओट्याला हात टेकला. "नाही?"

"चांगला होतास. फार चांगला होतास. पण त्यांच्यातला नाहीस. त्यांनी ऊन खाल्लं, चेंडूमागे धावले. तू नुसता मारायला उभा राहिलास." एकेक शब्द त्या पत्रकारांचाच होता. इतकी वर्षं भांडून भांडून मला तो पाठ झाला होता.

"खरं सांगतेस?"

"मी कधी खोटं बोलते का?"

"म्हणजे मला कोणी लुबाडलं नाही," तो म्हणाला.

"कोणी नाही."

त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं खाली बसतोय. पण बसला नाही. कोट आणि टाय काढून खुंटीला टांगले, नळाखाली डोकं धरलं, माझ्या एप्रनला तोंड पुसलं आणि म्हणाला, "वाढ गं. भूक लागलीय." उभ्या उभ्या दोन वाडगे सांकोचो खाल्ला त्यानं, हाडंसुद्धा चोखली. मग बाह्या सरसावून थेट फाटकाकडे निघाला. पेर्सिओ "कोट! अरे, कोट तरी!" करत मागे धावला. मीही गेले. सासूबाई माझा हात धरून चालत होत्या.

फाटकाच्या गजांतून टीव्हीवाल्या मुलीनं माईक आत घातला. "साहेब, तुमच्यावर अन्याय झाला असं वाटतं?"

"नाही बुवा," रादामेस म्हणाला, आणि हसला. खराखुरा हसला, पेर्सिओनं शिकवलेलं हसू नव्हे ते. "मी घरात विचारून आलोय. बायको म्हणाली, नाही बसत. आणि तुम्ही सान पेद्रोत कोणालाही विचारा, ही बाई खोटं बोलत नाही. पत्रकारांनी बरोबर केलं. आता मला जरा बाहेर जाऊ द्या, डॉमिनोचा डाव मांडलाय का कोणी?"

लोक हसले. हसू येतंय म्हणून नव्हे, सुटलो म्हणून हसले. ती मुलगी मात्र हसली नाही. तिनं माईक माझ्याकडे वळवला. "बाई, हे थेट प्रक्षेपण आहे. खरंच तुमच्या मते तुमचा नवरा थोरांमध्ये बसत नाही?"

सासूबाईंची बोटं माझ्या दंडात रुतली. रादामेस माझ्याकडेच बघत होता. त्याच्या नजरेत शंका नव्हती. मी काय म्हणणार हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याच भरवशावर त्याचा एक हात फाटकाच्या कडीवर होता.

"नाही बसत," मी म्हणाले.

सासूबाईंनी माझा दंड सोडला. रादामेसनं कडी काढली आणि गर्दीत शिरला. मी आतच राहिले. साऱ्या देशानं ऐकलं होतं. ते शब्द आता मला मरेपर्यंत मागे घेता येणार नव्हते, आणि त्याच्यासाठी भांडायला तर मला तोंडच उरलं नव्हतं.